वाचकांचे प्रश्न : वडिलांचे रिव्हॉल्व्हर आणि विक्रेत्याची नोंदवही

प्रश्न : माझ्या वडिलांच्या नावे .32 बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यास) जुने रिव्हॉल्व्हर होते. दसऱ्याला ते पूजेत मांडले जाई, एरवी कपाटात बंद असे. नुकतेच वडिलांचे निधन झाले. येथील एक शस्त्र विक्रेते म्हणतात की ते त्यांच्याकडे जमा करावे आणि पुढे हवे तर नवे घ्यावे. मुलाचे म्हणणे असे की आता बोटाचा ठसा ओळखणारी पिस्तुले निघाली आहेत, घरात लहान मुले आहेत तेव्हा घ्यायचेच तर तसे घ्यावे. विक्रेत्याकडे शस्त्र ठेवणे कायदेशीर आहे का आणि या नव्या रचनेवर कितपत विसंबावे? — एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आधी जमा करण्याविषयी, कारण ते थांबण्यासारखे नाही. परवाना वडिलांच्या नावे होता. त्यामुळे त्यांच्या पश्चात ते रिव्हॉल्व्हर घरात ठेवण्याचा अधिकार आपल्याला आपोआप मिळत नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे कलम 21 सांगते की असे शस्त्र आणि उरलेली काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत. तेव्हा विक्रेत्याने सांगितलेला मार्ग कायदेशीरच आहे. तेथे जमा केलेले शस्त्र परवाना मिळाल्यावर परत घेण्याचा किंवा विकून मोकळे होण्याचा हक्क कायदेशीर वारसाला राहतो. मात्र ठरावीक मुदत उलटली तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा होऊ शकते. वारसाला परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. तिचा अर्ज कलेक्टर कचेरीतील शस्त्र शाखेत करावा.

विक्रेत्याकडे जाताना त्यांचा परवाना चालू आहे की नाही हे विचारण्यात संकोच करू नये. कलम 5 खालील परवान्याशिवाय शस्त्रांचा व्यापार करता येत नाही. साठ्यात काय आले आणि कोणाकडे गेले याची नोंदवही ठेवणे आणि मागणी होताच ती अधिकाऱ्यांपुढे ठेवणे हा त्या व्यवसायाचा कणा आहे. पावतीवर निर्मात्याचे नाव, बोअर, शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्यावी. तो क्रमांक वडिलांच्या परवान्यावरील क्रमांकाशी आपण स्वतः ताडून पाहावा. क्रमांक खोडणे किंवा बदलणे कलम 8 नुसार निषिद्ध आहे, कारण शस्त्र पुढे कोणाच्याही हाती गेले तरी त्याचा माग याच आकड्यावरून लागतो.

आता नव्या रचनांकडे वळू. कानपूरच्या सरकारी कारखान्यात 2014 साली स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे सुमारे 500 ग्रॅम वजनाचे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर तयार झाले. 2023 साली कानपूरच्याच अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ आणले. जुन्या रिव्हॉल्व्हरची नळी पुढे झुकवून ते उघडावे लागते. ‘प्रबल’चे सिलिंडर, म्हणजे काडतुसे भरण्याचे फिरते नळकांडे, मात्र बाजूला उघडते आणि त्याचा पल्ला 50 मीटर सांगितला जातो. या सुधारणा वजन, हाताळणी आणि पल्ला यांच्या आहेत. शस्त्र कोणाच्या हातात आहे हे त्यांना कळत नाही.

ते कळावे म्हणून झालेले प्रयत्न प्रामुख्याने अमेरिकेत गाजले आणि त्यांचा इतिहास विक्रेत्यांशी जोडलेला आहे. न्यू जर्सी राज्याने 2002 साली असा कायदा केला की मालकालाच ओळखणारे पिस्तूल देशात कुठेही विक्रीला आले, की काही काळाने राज्यातील विक्रेत्यांनी फक्त तशीच पिस्तुले विकावीत. हेतू चांगला होता, पण परिणाम उलटा झाला. 2014 मध्ये आर्मॅटिक्स या जर्मन कंपनीचे, मनगटावरील घड्याळ जवळ असेल तरच चालणारे .22 चे पिस्तूल विकायला मेरीलँडमधील एक विक्रेता तयार झाला, तेव्हा न्यू जर्सीचा तो कायदा लागू होईल या भीतीने बंदूकधारकांनी इतका विरोध केला की त्याला माघार घ्यावी लागली. अखेर 2019 साली न्यू जर्सीने ती सक्ती काढली आणि मान्यता मिळालेले असे एक तरी पिस्तूल दुकानात ठेवावे एवढीच अट घातली. दरम्यान 2017 मध्ये एका संशोधकाने आर्मॅटिक्सचे कुलूप साध्या लोहचुंबकांनी निकामी करून दाखवले. बोटाचा ठसा आणि चेहरा ओळखणारे बायोफायर कंपनीचे पिस्तूल 2023 साली जाहीर झाले. आपल्या चिरंजिवांच्या मनात बहुधा तेच असावे. ते 9 मि.मी. बोअरचे आहे आणि आपल्याकडे हे बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाही, म्हणून तो पर्याय येथे उपलब्धच नाही.

उपलब्ध असता तरी माझे मत वेगळे झाले नसते. मुलाच्या हाती शस्त्र पडू नये यासाठी असे कुलूप उपयोगी आहे, हे मी मान्य करतो. परंतु ग्वाल्हेर-चंबळ भागात वरातीत हवेत झाडलेल्या गोळीने माणसे दगावतात, तेव्हा चाप ओढणारा बहुधा परवानाधारकच असतो आणि कुलूप त्याला मालक म्हणून ओळखतेच. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या, हे योग्यच झाले. घरातील मुलांसाठी रिकामे शस्त्र एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि किल्ल्या केवळ परवानाधारकाजवळ, ही व्यवस्था कोणत्याही नव्या यंत्रणेआधी करावी. त्याहीआधी, दसऱ्याच्या पूजेपलीकडे आपल्याला शस्त्राची गरज आहे का, हे घरात बसून ठरवावे. नसेल तर विक्रेत्याकरवी ते विकून टाकण्यात वडिलांचा कोणताही अनादर नाही.

प्रश्न : माझे परवान्याचे पिस्तूल चुलतभावाला विकायचे आहे. त्याच्याजवळही परवाना आहे. विक्रेत्याला मध्ये न घेता व्यवहार करता येईल का? — एक वाचक, मुरार

उत्तर : करता येईल, पण लगेच नाही. कलम 5 नुसार खरेदीदाराचे नाव व पत्ता देऊन आपला विक्रीचा इरादा जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबावे लागते. समोरचा माणूस शस्त्र बाळगण्यास पात्र आहे याची खात्री न करता ते त्याच्या हवाली करणे कलम 29 खाली गुन्हा आहे, मग तो सख्खा भाऊ का असेना. म्हणून भावाच्या परवान्याची मुदत, त्यावर लिहिलेला शस्त्राचा प्रकार आणि त्याच्याजवळ आधीची किती शस्त्रे आहेत हे पाहावे. 2019 पासून एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रांची मर्यादा आहे. व्यवहार झाल्यावर दोघांच्याही परवान्यांवर त्याची नोंद करून घ्यावी.