कानाचा पडदा दुसऱ्यांदा बसवताना कार्टिलेज लावलं तर ऐकू कमी येतं का?

निपाणीहून तुम्ही विचारलंय की वडिलांच्या कानाचा पडदा ऑपरेशननंतर पुन्हा फाटला, आता डॉक्टर कानाचंच मऊ हाड, म्हणजे कार्टिलेज, लावायचं म्हणतात. ते जाड असल्यानं ऐकू कमी येईल ही तुमची भीती.

मी खानापूरचा, डॉक्टर नाही. पण माझा उजवा कान दुसऱ्या खेपेला कार्टिलेज लावूनच बरा झालाय, म्हणून सांगतो: लावून घ्या.

पहिल्यांदा बहुतेक सर्जन कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण लावतात. सर्दी, चोंदलेलं नाक कायमचं असलं की मधल्या कानात हवा पुरत नाही आणि ते आवरण आत ओढलं जातं. कार्टिलेज ताठ असतं, त्या ओढीला दाद देत नाही. त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, आजूबाजूनं झिरपेल तेवढ्या पोषणावर ते तगतं. म्हणून मोठ्या भोकाला आणि दुसऱ्या ऑपरेशनला त्याचा मोठा आधार.

जाडीचं म्हणाल, तर मूळ पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटरचा. कार्टिलेज तासून साधारण अर्ध्या मिलिमीटरवर आणतात, किंवा त्याच्या पट्ट्या कुंपणासारख्या शेजारी-शेजारी रचतात. ही पट्ट्यांची पद्धत जर्मनीत कानाचे सर्जन हीरमान यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. अशा तासलेल्या कार्टिलेजनं येणारं ऐकू पातळ आवरणाच्या जवळपासच असतं. तुकडा बहुधा कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यातून घेतात, वरची कडा राखून, त्यामुळं कानाचा आकार बदलत नाही. माझा व्रण शोधूनही सापडत नाही.

सुरुवातीचे आठवडे मात्र वडिलांना धीर द्यावा लागेल. कान पॅकिंगनं भरलेला असतो, बाहेरचं काही नीट येत नाही. मी भाकरी चावायचो तर कुरकुर डोक्यातच घुमायची, आणि घरचे हाका मारून दमायचे. तेवढ्यावरून ऑपरेशन फसलं असं धरू नका. खरं काय ते दोन-तीन महिन्यांनी ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकू किती येतं त्याच्या तपासणीत, कळतं.

त्या काळात नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. आमच्याकडं पावसाळ्यात डोकं कोरडं राहणं मुश्कील, म्हणून जमत असेल तर उन्हाळ्यातली तारीख घ्या. कान ठणकला म्हणून लसणाचं कोमट तेल ओतायची आपल्याकडची सवय कृपा करून बंद करा, फाटलेल्या पडद्यातून ते थेट आत जातं. आणि वडील बिडी ओढतात असं लिहिलंय तुम्ही. ती आत्ताच सुटली पाहिजे, धुरानं जखम भरायला वेळ लागतो.

तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना एक नक्की विचारा: आतल्या तीन हाडांची साखळी शाबूत आहे का? ती तुटलेली असेल तर नुसत्या पडद्यानं ऐकू फारसं वाढणार नाही, हाडांचंही काम करावं लागेल.