विश्वस्ताने अट मोडली, सोडली की बदलली?

विचारणा अशी आहे: न्यासपत्रातली (ट्रस्टच्या दस्तऐवजातली) एखादी अट बाजूला ठेवून वागायला न्यायालय विश्वस्तांना परवानगी देतं, त्याला इंग्रजीत ‘डेव्हिएशन’ म्हणतात. मराठीत ‘विचलन’ लिहावं की ‘उल्लंघन’?

‘उल्लंघन’ अजिबात नको. त्यात दोष आला, आणि अट मोडणाऱ्या विश्वस्ताला झालेलं नुकसान पदरचं भरून द्यावं लागू शकतं. इथे तो आधी न्यायालयात जातो, अडचण मांडतो आणि हुकूम हाती आल्यावरच पाऊल उचलतो. पंचाईत अशी की नियम सोडण्याबद्दल आपल्या तोंडी चटकन येणारे वाक्प्रचार सगळे आरोपाचेच: हरताळ फासणे, पायमल्ली करणे, बगल देणे, धाब्यावर बसवणे. ‘फारकत’ही मला पटत नाही. फारकत घेतली की संबंधच तुटतो. विश्वस्त मात्र न्यासाला बांधलेलाच असतो. ‘विचलन’ निर्दोष खरं, पण ते वाचलं की संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन आठवतं. शिवाय विचलन आपसूक होतं. इथे तर परवानगीलाच सगळं महत्त्व.

न्यूयॉर्कमधलं पुलित्झर प्रकरण बघा. जोसेफ पुलित्झर १९११ साली वारले. ‘वर्ल्ड’ हे वृत्तपत्र काढणाऱ्या कंपनीचे शेअर कोणत्याही परिस्थितीत विकू नयेत, असं त्यांनी मृत्युपत्रात बजावून ठेवलं होतं. पुढे वृत्तपत्र तोट्यात गेलं. अट धरून बसलं असतं तर ज्या वारसांच्या उत्पन्नासाठी ट्रस्ट केला, त्यांचंच उत्पन्न बुडालं असतं. १९३१ साली तिथल्या न्यायालयाने विक्रीची वाट मोकळी करून दिली. पुलित्झर यांचा मूळ हेतू राखण्यासाठीच त्यांची अट सोडावी लागली, आणि हे सांगणारा शब्द आपल्याला हवा आहे.

म्हणून मी ‘अट सोडून वागण्याची मुभा’ असं लिहीन. ‘मुभा’ म्हटलं की ती कुणीतरी दिली, हे आपोआप कळतं. मसुदा औपचारिक असेल तर ‘न्यासाच्या अटी सोडून कार्य करण्याची अनुज्ञा’.

‘फेरबदल’ हा शब्द मात्र इथे खर्च करू नका, तो दुसरीकडे लागतो. इंग्लंडमध्ये १९२५ च्या विश्वस्त कायद्याचं कलम ५७ कारभारापुरतं आहे: मालमत्ता विकणं, भाड्याने देणं, गहाण टाकणं वगैरे. लाभार्थींचे हिस्से त्याने हलवता येत नाहीत. त्यासाठी १९५८ साली वेगळा कायदा झाला. त्यात अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) किंवा अजून न जन्मलेल्या लाभार्थींच्या वतीने न्यायालय संमती देतं आणि अटीच नव्या होतात. त्याला खुशाल फेरबदल म्हणा.