तक्त्यावर नसलेला प्रश्न

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. रात्री अकराला नवी पेठेतल्या अभ्यासिकेतून निघायचे, कोपऱ्यावरच्या टपरीत टांगलेल्या माळेतून दोन पाकिटे तोडून घ्यायची, खोलीवर पोहोचेपर्यंत ती संपवायची, मग मोबाइलवरून आणखी काहीतरी मागवायचे आणि शेवटी स्वतःला दूषणे देत झोपायचे, असा सहा महिन्यांचा क्रम तू प्रांजळपणे लिहिला आहेस. 'ज्याला वेफर्सचे पाकीट आवरत नाही, त्याच्याकडून राज्यसेवेचा अभ्यास काय होणार' हे तुझे वाक्य मला फार लागले, कारण त्या पाकिटाच्या पलीकडच्या बाजूला मी अठरा वर्षे काढली आहेत.

मी ज्या कंपनीत अन्नतंत्रज्ञ होतो, तिथे रोज सकाळी चवीची चाचणी होत असे. आम्ही दहा-बारा जण फळ्या लावून केलेल्या वेगवेगळ्या खणांत बसत असू. प्रत्येकापुढे तीन आकडी क्रमांक टाकलेल्या चार वाट्या, तोंड धुवायला कोमट पाणी आणि १ ते ९ गुणांचा तक्ता. मीठ किती जाणवले, आंबटपणा केव्हा आला, पहिल्या चाव्याला तुकडा कसा मोडला, बोटांना मसाला किती लागला, आणि सर्वांत शेवटी, आणखी एक घ्यावासा वाटतो का. 'पोट भरले का' हा प्रश्न त्या तक्त्यावर कधीही नव्हता. तो असावा, असे आमच्यापैकी कोणाला सुचलेही नाही; मलाही नाही, मी तर उरलेले नमुने घरी मुलीसाठी नेत असे.

हे शास्त्र आमच्या आधीच बरेच पुढे गेलेले होते. अमेरिकेत हॉवर्ड मॉस्कोविट्झ या चवीच्या संशोधकाने गोडी, मीठ आणि स्निग्धता यांचे नेमके प्रमाण शोधण्याचे तंत्र उद्योगाच्या हाती दिले. ज्या प्रमाणाच्या अलीकडे पदार्थ फिका लागतो आणि पलीकडे नकोसा होतो, त्याला 'ब्लिस पॉइंट' म्हणतात. त्याच्या जोडीला पोताची करामत असते. आईच्या हातची चकली खाताना दातांना काम पडते, तोंड दमते आणि तिसऱ्या-चौथ्या चकलीला हात आपोआप थांबतो. मक्याचा फुगवलेला तुकडा मात्र जिभेवर ठेवताच विरतो आणि आपण फारसे काही खाल्लेच नाही, अशी मेंदूची समजूत होते.

अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०१९ मधील प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात तयार होणारे पाकीटबंद धाटणीचे, आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खायला दिले होते. दोन्ही ताटांतली साखर, मीठ, स्निग्ध पदार्थ आणि तंतू जुळवलेले होते. तरीही पहिल्या प्रकारच्या अन्नावर ती माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि भरभर खात होती. ती वीसही माणसे बिनकण्याची होती, असे तू म्हणणार आहेस का? (जाता जाता सांगतो, सिगारेट विकणाऱ्या फिलिप मॉरिसने १९८५ मध्ये जनरल फूड्स आणि १९८८ मध्ये क्राफ्ट या खाद्यपदार्थांच्या कंपन्या विकत घेतल्या होत्या. सवय लागलेल्या गिऱ्हाइकाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?)

याला 'व्यसन' म्हणावे का, असे तू विचारतोस. येल विद्यापीठात २००९ मध्ये त्यासाठी एक प्रश्नावली तयार झाली, पण मनोविकारांच्या अधिकृत यादीत अन्नाचे व्यसन अजून नाही. अनावर खाण्याचा विकार मात्र २०१३ पासून स्वतंत्र निदान म्हणून त्या यादीत आहे. ताबा सुटून, लपून, पोट दुखेपर्यंत खाणे आणि नंतर स्वतःची किळस वाटणे, असे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने होत असेल, तर ते माझ्या पत्राने सुटणारे काम नव्हे. मनोविकारतज्ज्ञांकडे जा, तोवर १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेली-मानस क्रमांकावर बोलता येते.

उरले ते साधे आहे. तुझी खानावळ नऊला बंद होते आणि 'वाचन तुटते' म्हणून तू आठवड्यातून चार दिवस रात्रीचे जेवण चुकवतोस, हे तुझ्याच पत्रात आहे, फक्त तू ते दुसऱ्या पानावर तक्रार म्हणून लिहिले आहेस. अकरा वाजता तुला लागते ती बरीचशी निव्वळ भूक असते आणि भुकेल्या माणसाने त्या माळेसमोरून निग्रहाने जावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. साडेआठला उठून जेव. नाहीच जमले तर पोळीभाजीचा डबा आणि भाजलेले शेंगदाणे दप्तरात असू देत. मोबाइलमधून ते ॲप काढून टाक, आणि परतताना टपरी लागणार नाही अशा गल्लीने ये, चार मिनिटे जास्त लागली तरी चालतील. एखाद्या रात्री पाकीट फोडलेच, तर ते खोलीत बसून ताटलीत ओतून खा; चालता चालता नको.

रविवारी घरी येशील तेव्हा एक रिकामे पाकीट बरोबर आण. मागच्या बाजूचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. त्यांत ६२७ आणि ६३१ हे चव वाढवणाऱ्या द्रव्यांचे आकडे सापडतात का, ते शोधून ठेव. बाकीची बारीक अक्षरे आपण माझ्या भिंगाने वाचू. काकूने पिठले-भाकरी करायचे ठरवले आहे.

तुझा,
काका