आधी चालून ये, मग फॉर्म भर

प्रिय पोरी,

परवा तू आलीस, तासभर बसलीस. चहावर साय धरली तरी कप उचलला नाहीस, आणि जाताना दारात थांबून म्हणालीस, "मॅडम, तुम्हीच सांगा ना, फॉर्ममध्ये पहिलं कॉलेज कुठलं टाकू?" मी काहीच बोलले नाही. तुला वाईट वाटलं असणार. पण मला उत्तर द्यायचं नव्हतं, आणि का द्यायचं नव्हतं हे सांगायला लागले असते तर माझा आवाज चढला असता. म्हणून लिहिते आहे.

तुझी ती यादी काही डोळ्यांपुढून हलत नाही. सतरा इंजिनिअरिंग कॉलेजं. प्रत्येकापुढे मागच्या वर्षीचा कट-ऑफ, शाखा, प्लेसमेंटचं पॅकेज, सगळं रंगवून. रात्री जागून केली असशील. यातली तू स्वतः पाहिलेली किती, असं मी विचारलं तर म्हणालीस, सगळ्यांचे व्हिडिओ पाहिलेत. अगं, ड्रोनमधून सगळीच कॉलेजं देखणी दिसतात. तो ड्रोन गेटपासून पुढचं दाखवतो. संध्याकाळी साडेसातला त्या गेटमधून बाहेर पडून मुलगी खोलीवर पोचते कशी, ते त्यात नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आधी चालून ये, मग फॉर्म भर. आणि एकटी जाऊ नकोस, मैत्रिणींबरोबरही नको. पप्पांना घेऊन जा.

पप्पांना का, ते सांगते. मी १९७९ साली औरंगाबादला बीएस्सीला गेले. जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव, घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सही करता यायची, तेवढंच. परभणीहून तेव्हा मीटर गेजची गाडी होती. आबा माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन स्टेशनपासून वसतिगृहापर्यंत चालले. मेसमध्ये जाऊन वरण मागून प्यायले आणि म्हणाले, "पातळ आहे, पण ताजं आहे." चौकीदाराला आपलं नाव, गाव, कुळ सांगितलं, त्याचं विचारून घेतलं. मग तंबाखूची चिमूट तोंडात टाकून वसतिगृहातून कॉलेजकडे निघाले. ती थुंकायची वेळ झाली तेव्हा फाटक आलं. गावी गेल्यावर आईला त्यांनी अंतर त्याच मापात सांगितलं. मी आत अर्ज भरत होते तेव्हा ते दुपारभर कॉलेजच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या पोरीपोरांकडे बघत राहिले.

नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस. आदल्या वर्षी मराठवाड्यात जाळपोळ झालेली. गावात रोज नवी अफवा यायची आणि भावकीतले लोक ओसरीवर येऊन सांगायचे, पोरीला परत आण. आबा एकच वाक्य बोलायचे, "मी बघून आलोय." बास. त्यावर कुणाला काही बोलता यायचं नाही. त्या एका वाक्यावर माझी तीन वर्षं निघाली, आणि पुढे परभणीत शिकवत काढलेली सगळी वर्षंही त्यावरच उभी आहेत असं मी मानते.

आता तुझ्या घरचं बघ. पप्पा नांदेड म्हणतात, तू पुणे म्हणतेस, आई म्हणते पुण्यात मामा आहे तर तिथेच राहा. तिघंही न पाहिलेल्या जागांवर भांडताय. पप्पांना नांदेड का बरं वाटतं? विष्णुपुरीचं ते इंजिनिअरिंग कॉलेज १९८१ पासूनचं, नाव चांगलं आहे, मीही नाही म्हणणार नाही. पण पप्पांना ते बरं वाटतं ते रात्री फोन आला तर दोन तासांत पोचता येईल म्हणून. त्यांना कॉलेजची पारख करायची नाही, त्यांना भीतीवर उतारा हवाय. आणि तुला पुणे हवंय ते मैत्रिणी चालल्यात म्हणून. राग मानू नकोस. मी बत्तीस वर्षं वर्गावर होते. कुठली मुलगी स्वतःचं बोलते आणि कुठली घोळक्याचं बोलते, हे मला आवाजावरून कळतं.

पुण्याविरुद्ध मी नाही. उलट शहरातच शीक, असंच माझं मत आहे. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, पुढे १९५८ मध्ये विद्यापीठ आलं. त्याआधी आमच्या भागातल्या पोरांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागायचं. जी गेली ती नुसती पदवी घेऊन आली नाहीत. परभाषेत भांडायला शिकली, वाचनालयात जागा धरायला शिकली, आपल्या जातीचं आणि गावाचं नाव माहीत नसलेल्या माणसांत वावरायला शिकली. शहर हे दुसरं कॉलेज आहे, त्याची फी वेगळी लागत नाही. पण त्यासाठी शहर हाताला लागलं पाहिजे. नुसतं पत्त्यात असून भागत नाही.

हे मी माझ्या पोराच्या जिवावर शिकले.

२०११ साल. त्याचे सीईटीचे मार्क चांगले होते. स्टेशन रोडच्या नेट कॅफेत मी खुर्चीवर बसले, तो पाठीमागे उभा. मागच्या वर्षीचे कट-ऑफ उतरत्या क्रमाने लावले आणि त्याच क्रमाने पर्याय भरत गेले. मध्येच तो बाहेर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, कंटाळला. चाळीस पर्याय मी एकटीने भरले, त्याला विचारला एकही नाही. नंबर लागला, पत्त्यात पुणे होतं, मी पेढे वाटले.

ते कॉलेज हायवेला लागून शेतांच्या मध्ये होतं. शिवाजीनगरहून दोन बस बदलून दीड तास. हॉस्टेल आवारातच, आणि शहरातून परतायची शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटायची. आता हे ऐक. माझ्या पोराला नाटकाचं वेड होतं. परभणीत शाळेच्या गॅदरिंगला तो लिहायचा, बसवायचा. पुण्यात पुरुषोत्तम करंडक असतो, भरत नाट्य मंदिरात, १९६३ पासून चालत आलेली एकांकिका स्पर्धा. दहावीत असल्यापासून तो त्याबद्दल बोलायचा. चार वर्षं पुण्याच्या पत्त्यावर राहून त्याने त्या स्पर्धेतला एकही प्रयोग पाहिला नाही. भाग घेणं तर सोडच. प्रयोग संध्याकाळचे, बस आधीच गेलेली.

हे मला कधी कळलं? तो नोकरीला लागल्यावर एका लग्नाला आम्ही पुण्यात गेलो तेव्हा. शनिवारवाड्याकडे कसं जायचं, हे त्याने रिक्षावाल्याला विचारलं. मी म्हटलं, अरे, चार वर्षं इथे होतास ना. तो म्हणाला, "आई, मी इथे कुठे होतो?" रागाने नाही, सहज म्हणाला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी बेफिकीर आई नव्हते. ह्यांची तब्येत त्या वर्षी बिघडलेली, माझ्या तीन रजा शिल्लक होत्या आणि त्या मी दवाखान्यासाठी राखून ठेवल्या होत्या. जुलैमध्ये कॉलेजात बाई जागेवर नाही म्हटलं की लगेच खुलासा मागायचे. पर्याय भरायची मुदत चार दिवसांची. आणि तेव्हा सगळे असंच करत होते, कट-ऑफ बघायचा आणि भरायचं. शेजारच्या प्राध्यापकांनीही आपल्या मुलीचा फॉर्म असाच भरला. शिवाय त्याला नोकरी लागलीच की पहिल्या फटक्यात. हे सगळं खरं आहे. पण मुदत चार दिवसांची असली तरी निकालापासून महिना होता. एक शनिवार-रविवार धरला असता आणि एक रजा टाकली असती, तर ती शेवटची बस मला दिसली असती. मी तर आबांची मुलगी. पायरीवर बसलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला होता, आणि मीच खुर्चीवर बसून राहिले.

म्हणून तुला परत सांगते, चालून ये.

पप्पा म्हणणार, पेरणीचे दिवस आहेत, कृषी केंद्र बंद ठेवून चालणार नाही. त्यांचं खरं आहे. वर्षाचा धंदा याच महिन्यात होतो, हे मला माहीत आहे. तरी दोन दिवस काढायला लाव. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की ती जागा पक्की होते, मग पुढच्या फेरीत मन बदलून उपयोग नाही. चार वर्षं एका बोटाच्या टिचकीवर ठरतात. त्यापुढे दोन दिवसांचं बियाणं-खत काही मोठं नाही. लागलं तर मी स्वतः दुकानावर येऊन त्यांच्याशी बोलते.

आणि तिथे जाऊन काउंटरवरचं माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. काउंटरवरचा माणूस पगार घेऊन गोड बोलतो. चहाच्या टपरीवर उभी राहा आणि परभणी-नांदेडकडचं कोण आहे विचार, बोलीवरून सापडेलच. दुसऱ्या वर्षाची मुलगी गाठ. पहिल्या वर्षानंतर हॉस्टेलमध्ये ठेवतात की बाहेर काढतात, हे तिला विचार. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षी मुली कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, खोली शोधत फिरतात, आणि डिपॉझिटचा आकडा ऐकून पप्पांचा चेहरा तेव्हा पडण्यापेक्षा आत्ता पडलेला बरा. मुलींच्या हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं आणि मुलांचं किती वाजता, दोन्ही विचार. लायब्ररी त्या वेळेनंतर उघडी असेल तर तुला तिचा काय उपयोग? मेसमध्ये पैसे देऊन जेवा. संध्याकाळी अंधार पडल्यावर गेटपासून बस थांब्यापर्यंत तू पुढे चाल आणि पप्पांना पन्नास पावलं मागून येऊ दे.

फीचं तुझ्या पप्पांनी मला सांगितलं, मुलींना माफ झाली आहे म्हणून. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, तुम्ही त्यात बसता. पण खोली, डबा, बसचा पास, अनामत यातलं काही माफ नाही. शहरात शिकण्याचा खर्च म्हणजे आता हाच खर्च. वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज जरूर भर, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेअर आत्ताच काढून ठेव, पण तो पैसा महिन्याच्या महिन्याला येईल असं धरून हिशेब मांडू नकोस. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत, १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींसाठीच चालवलेली. तिथे काम करून राहावं लागतं. त्याची लाज वाटत असेल तर आत्ताच सांग, मला तुझ्याबद्दल वेगळा विचार करावा लागेल.

मामाकडे राहायचं आईच्या मनात आहे. मामा मोशीला, शहराच्या टोकाला, आणि यादीत वरती टाकलंय ते कॉलेज शिवाजीनगरचं, १८५४ पासूनचं, विश्वेश्वरय्या जिथे शिकले ते. एका सोमवारी सकाळी सातला मामाच्या दारातून निघ आणि वर्गाच्या दारात किती वाजता पोचतेस बघ. मग आईशी बोल. खरं तर आईलाही बरोबर ने. तिला कुणी विचारलेलंच नाही, आणि तू आजारी पडलीस की गाडीत बसणार आहे तीच.

नांदेडलाही असंच जा. जवळ आहे म्हणून ते पाहिलेलं आहे असं पप्पांना वाटतंय, पण गुरुद्वाऱ्याला दर्शनाला जाणं आणि विष्णुपुरीला चार वर्षं राहणं यात फरक आहे. मुंबईचं माटुंग्याचं कॉलेज टाकणार असशील तर देवगिरी एक्स्प्रेसने जा, सकाळी दादरला उतर आणि कामावर जाणाऱ्या गर्दीत पप्पांचा हात धरून पूल ओलांड. घाबरलीस तर घाबर. ते आत्ता कळू दे.

सतराच्या सतरा पाहायला मी सांगत नाही. चार पाहा. न पाहिलेलं एकही पहिल्या चारांत टाकू नकोस, मग कट-ऑफ कितीही मोठा असो. कुणी म्हणेल, मोठं कॉलेज हातचं घालवलंस. म्हणू दे. मी चाळीस कॉलेजांचा क्रम लावला होता, एकही चूक नव्हती त्यात.

रविवारी जाऊ नका, रविवारी सगळं बंद असतं आणि शहर रिकामं दिसतं. रविवारी रात्री निघा, सोमवार-मंगळवार तिथे काढा, बुधवारी पहाटे परत या. बुधवारी संध्याकाळी तिघंही माझ्याकडे या, यादी कोरी ठेवून. मी कॉलेजचं नाव विचारणार नाही. गेटपासून थांब्यापर्यंत किती मिनिटं लागली आणि वरण कसं होतं, ते पप्पांनी सांगायचं. मग आपण फॉर्म उघडू, आणि खुर्चीवर तू बसायचंस.

तुझ्या,
मॅडम