दोन वेब फ्रेमवर्कची चाचणी घेताना आकडे दर वेळी वेगळे का येतात?

आधी जँगो आणि मग फास्टएपीआय ही पायथनमधली दोन वेब फ्रेमवर्क (वेबसाइट उभारण्याचे तयार सांगाडे) एकाच लॅपटॉपवर चालवून पाहिले असता सेकंदाला किती रिक्वेस्ट (सर्व्हरकडे येणाऱ्या मागण्या) पेलल्या जातात हा आकडा प्रत्येक खेपेस बदलतो, तर खरा कोणता धरावा, असे तुम्ही विचारले आहे. तूर्त एकही धरू नये, असे माझे मत आहे.

काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, मालाडच्या घरी पंख्याखाली बसून मी अशीच चाचणी घेत होतो. दुसऱ्या क्रमांकावर चालवलेले फ्रेमवर्क हरत असे. क्रम उलटा केला, तरी हरले ते दुसरेच. शेवटी शेजारच्या टर्मिनलमध्ये प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी, म्हणजे त्याचा वेग, दिसेल असे लावून ठेवले, तेव्हा पहिली काही मिनिटे वर असलेला आकडा लॅपटॉप तापताच खाली येताना दिसला. खालच्या बाजूला हात ठेववत नव्हता. तेव्हापासून मी टर्बो (प्रोसेसरचा वेग तात्पुरता वाढवणारी सोय) बंद ठेवतो, गव्हर्नर (वेग किती ठेवायचा हे ठरवणारी सेटिंग) ‘परफॉर्मन्स’वर टाकतो, आणि दोन्ही फ्रेमवर्क आलटूनपालटून चालवतो. क्लाउडवर मोजणार असाल, तर अ‍ॅमेझॉनच्या टी२ प्रकारची मशीन टाळा, कारण तिची सीपीयू क्रेडिट (जादा वेगासाठी साठवलेली शिल्लक) संपली की वेग बेसलाइनवर, म्हणजे ठरलेल्या किमान पातळीवर, येतो.

भार निर्माण करणारे साधन निराळ्या मशीनवर, तारेच्या नेटवर्कने जोडलेले असावे. एरवी ते सर्व्हरच्याच तोंडचा सीपीयू पळवते. (आपल्या इमारतींत शेजाऱ्यांचे इतके राउटर असतात की वायफायवर मोजण्याचा विचारही करू नये.)

जँगोमध्ये डीबग (चुका शोधण्यासाठीची सेटिंग) चालू राहिले असेल, तर डेटाबेसला केलेल्या प्रत्येक क्वेरीची नोंद मेमरीत ठेवली जाते. शिवाय ‘कॉन_मॅक्स_एज’ ही कनेक्शन किती वेळ उघडे ठेवायचे ते सांगणारी सेटिंग मुळात शून्य असल्यामुळे प्रत्येक रिक्वेस्टला डेटाबेसचे नवे कनेक्शन उघडते. समोरच्या फ्रेमवर्कला कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) दिलेला असेल, तर तुम्ही फ्रेमवर्कच्या नावाखाली कनेक्शन उघडण्याचा खर्च मोजत आहात. वर्करची (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेसची) संख्याही सारखी हवी, हे ओघाने आलेच.

सर्वांत फसवा भाग मात्र प्रतिसादाच्या वेळेचा आहे. डब्ल्यूआरकेसारखे भार निर्माण करणारे साधन उत्तर आल्याशिवाय त्या कनेक्शनवर पुढची रिक्वेस्ट पाठवत नाही. समजा, १० कनेक्शन आहेत आणि सर्व्हर एक सेकंद गोठला. नोंद होईल फक्त १० संथ रिक्वेस्टची. प्रत्यक्षात सेकंदाला १,००० लोक येत असते, तर त्या सगळ्यांनाच थांबावे लागले असते. लोकल येईपर्यंत लोकांना स्टेशनात शिरूच द्यायचे नाही आणि फलाटावर गर्दी नव्हती असे लिहून ठेवायचे, तसा हा प्रकार होतो. गिल टेने या अभियंत्याने यालाच ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ म्हटले आणि ठरावीक गतीने रिक्वेस्ट पाठवणारे डब्ल्यूआरके२ तयार केले. ९९व्या पर्सेंटाइलचा, म्हणजे १०० पैकी ९९ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पुऱ्या होतात तो, आकडा हवा असेल, तर तेच वापरा.

हे सगळे जुळवल्यावरही लगेच तुलना करू नका. आधी जँगोची जँगोशीच तुलना करा, तोच कोड, तीच मशीन, पाच-सहा खेपा. या खेपांमध्ये जेवढा फरक पडेल, त्याहून कमी फरकाने फास्टएपीआय पुढे किंवा मागे आले, तर निकाल लागला असे मी तरी म्हणणार नाही.