‘श्यामची आई’ वाचताना मलाच कंटाळा येतो

“ताई, माझी लेक आठ वर्षांची, तिसरीत आहे. रात्री झोपण्यापूर्वी तिला ‘श्यामची आई’ वाचून दाखवतो. माझ्या आईचा तसा आग्रह आहे. लहानपणी तिने मला हेच वाचून दाखवलं होतं. पण आता मलाच कंटाळा येतो. सारखं रडणं आणि उपदेश. पानं गाळतो आणि मग अपराधी वाटतं. परवा लेक म्हणाली, ‘बाबा, ही आई नेहमी रडतच का असते?’ पुस्तक मध्येच सोडलं तर आईला काय सांगू?”
– एक बाबा, नागपूर

दादा, आधी ते अपराधी वाटणं मनातून काढून टाका. पुस्तक न रुचणं हा साने गुरुजींचा अपमान नाही आणि तुमच्या आईचाही नाही. पण मोठ्याने वाचताना कंटाळा लपत नाही. आवाज सपाट होतो, पान उलटायची घाई होते आणि शेजारी पडलेल्या पोरीला ते बरोबर कळतं. गोष्ट म्हणजे दोघांनी मिळून उरकायचं काम, असं तिच्या मनात बसलं तर? मला खरी काळजी त्याची वाटते.

तिचा प्रश्न मात्र फार चांगला आहे. त्याचं उत्तर द्या. गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. त्यातलं बरंचसं रडू या मोठ्या श्यामचं आहे. आई गमावलेला माणूस बोलतोय. तुम्ही लहान असताना हे तुम्हाला जाणवलं नसेल. तुमच्या लेकीला निदान खटकलं तरी.

आता वाचायचं कसं? सलग वाचूच नका. प्रत्येक रात्र स्वतंत्र आहे. सुरुवातीची आश्रमातली बोलणी खुशाल गाळा, थेट आठवणीवर या. पोहण्याची गोष्ट घ्या. श्याम पाण्याला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, हे तिचं कारण. इथे थांबा आणि लेकीला विचारा, आईने मारलं ते बरोबर केलं का? तुम्हाला पटत नसेल तर तसं सांगा. वाचणाऱ्याने पुस्तकाच्या प्रत्येक शब्दाला मान डोलवलीच पाहिजे असं कुठे आहे?

आणि मोळीची गोष्ट गाळू नका, ही माझी विनंती. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडते. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि घरी आल्यावर आंघोळ कर. लेक विचारेल, आंघोळ कशाला? नागपुरात राहून हा प्रश्न टाळता येणार नाही, टाळूही नये. अस्पृश्यता काय होती ते तिला कळेल अशा शब्दांत सांगा. आई माणुसकीने पुढे गेली, पण शिवाशिवीची रीत तिच्याने सुटली नाही, हेही सांगा. तिच्याच मुलाने, म्हणजे साने गुरुजींनी, पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. मग एखाद्या रविवारी तिला दीक्षाभूमीवर घेऊन जा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे काय घडलं ते सांगा. एवढी एक रात्र नीट वाचलीत तरी माझ्या मते पुष्कळ झालं. बाकीच्या रात्री ती मोठी झाली की स्वतः वाचेल, किंवा नाही वाचणार.

राहिला तुमच्या आईचा प्रश्न. “काहून सोडलं रे?” असं त्या विचारतील, तेव्हा पोरीला पुढे करू नका, “तिलाच आवडत नाही” म्हणू नका. सरळ सांगा, “आई, मला हे वाचायला जमत नाही. तू वाच ना तिला.” ज्यांना ते मनापासून आवडतं त्यांच्या तोंडून ते वेगळं लागेल. त्यांचा गळा दाटून आला तर तो खरा असेल, आणि नातीला तोही कळेल. डोळे साथ देत नसतील तर पाठ असलेलं नुसतं सांगू देत.

तुमच्या वाटच्या रात्रींसाठी लेकीला वाचनालयात न्या आणि पुस्तक तिला निवडू द्या. फक्त घरी आणण्याआधी दोन पानं तिथेच हळू आवाजात वाचून पाहा. तुमची जीभ त्यात रमत नसेल तर दुसरं काढा.