एपी-५ नंतर फ्रीझिंग कमी झालं, म्हणजे भीती गेली का?

टोनमागोमाग पायाला शॉक देऊन उंदरांना टोनची भीती शिकवण्याआधी तुम्ही त्यांच्या अमिग्डालात, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी निगडित भागात, एपी-५ हे औषध सोडलंत, दुसऱ्या दिवशी नुसता टोन वाजवल्यावर उंदीर कमी गोठले (भीतीने असं निश्चल होणं म्हणजेच फ्रीझिंग), आणि औषधाने भीती घालवली असा अर्थ काढलात. तो टिकणार नाही. एपी-५ एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे चेतापेशीवरचं शिकण्यासाठी लागणारं दार, अडवतं. त्यातून पेशीत कॅल्शियम शिरलं नाही की टोन आणि शॉक यांची सांगडच बसत नाही. मुळात न बसलेली आठवण जाणार कुठून?

शिकणं बिघडलं की भीती दाखवणं, हे औषधाच्या वेळेवरून कळतं. त्यामुळे निदान चार गट हवेत: शिकवण्याआधी, शिकवल्यावर लगेच, चाचणीआधी, आणि नुसतं सलाइन. एपी-५ इथेही गोंधळ घालतं. भीतीने वाढणारं दचकणं मोजणाऱ्या 1990 च्या प्रयोगात त्याने फक्त शिकणं अडवलं होतं, पण पुढे फ्रीझिंग मोजणाऱ्यांना चाचणीआधी दिल्यावरही घट दिसली. त्याच रिसेप्टरचा एनआर२बी हा उपघटक अडवणारं आयफेनप्रोडिल हे औषध यापेक्षा स्वच्छ उत्तर देतं. ते शिकवण्याआधी दिलं तर भीती कमी, चाचणीआधी दिलं तर फरक नाही. बजेटमध्ये बसत असेल तर तेच घ्या.

द्रावण मेंदूच्या दर बाजूला 0.5 मायक्रोलिटरपेक्षा जास्त नको, नाहीतर औषध शेजारच्या भागात पसरतं. मिनिटाला 0.25 मायक्रोलिटर या गतीने सोडा आणि सुई एक-दोन मिनिटं आतच राहू द्या. लगेच उपसली तर द्रव सुईच्या वाटेने वर चढतो. एपी-५ चं द्रावण आम्लधर्मी असतं, पीएच 7.4 वर आणल्याशिवाय वापरू नका.

शॉक 0.5 मिलीअँपिअर ठेवला असेल तरी तो पायापर्यंत तेवढा पोचतो का, हे दर सत्राआधी मोजा. मुंबईच्या पावसाळी दमटपणात पेटीच्या तळाच्या, शॉक देणाऱ्या गजांवरचं मूत्र वाळत नाही, त्यातूनच करंट निसटतो आणि उंदराला कमी झटका बसतो. तुमच्या कमी फ्रीझिंगचं कारण तेही असू शकतं. शॉकला उंदीर उसळतो का ते व्हिडिओत बघा. औषधाच्या गटाने सलाइनइतकीच उसळी घेतली तर वेदना शाबूत आहे.

टोनची चाचणी वेगळ्या पेटीत घ्या: जमीन, वास, उजेड सगळं बदललेलं. टोनआधीचं दोन मिनिटांचं फ्रीझिंग वेगळं नोंदवा, नाहीतर जागेची भीती टोनच्या नावावर चढते. मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावा. गणपती आणि दिवाळीच्या दिवसांत चाचणी ठेवूच नका, ढोल-फटाक्यांनी सलाइनचे उंदीरसुद्धा आधीच गोठलेले असतात.

शेवटी मेंदूचे काप रंगवून कॅन्युलाची, म्हणजे औषध सोडायच्या नळीची, जागा तपासा. नेम चुकलेले उंदीर मुख्य हिशेबातून वगळा, पण फेकू नका. अमिग्डालाबाहेर त्याच डोसचा परिणाम दिसला नाही, हे दाखवायला तेच कामी येतात.